नाव कोणत्या रकान्यात?

नोकरीपेशातील आमच्या बंधुभगिनींच्या बोलण्यात अलीकडे एक शब्द वारंवार येऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘कृती आराखडा’. इस्पितळातील परिचारिका तो उच्चारते, शाळेतील शिक्षक उच्चारतो, कारखान्यात पाळीवर जाणारा फिटर उच्चारतो; बँकेतल्या तरुणालाही तो चुकलेला नाही. ‘फादर, तपासणी झाली, त्रुटी निघाल्या, आता आराखडा द्यायचा आहे,’ असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो उत्साहाचा नसतो. जुने देणे फेडावयास निघालेल्या माणसाचा तो चेहरा असतो.

आराखडा दिसावयास साधाच आहे. एका कागदावर सहा रकाने आखलेले असतात : त्रुटी कोणती, तिचे कारण काय, उपाय कोणता, तो कोण करणार, केव्हापर्यंत करणार, आणि सर्वांत शेवटी आढावा. ‘गुणवत्तेत सातत्याने सुधारणा’ या भारदस्त नावाखाली जे काही चालते त्याचा बराचसा व्यवहार या सहा रकान्यांतून होतो. कागद भरला जातो, त्यावर शिक्का बसतो, तो फाइलीत जातो आणि पुढच्या वर्षी तपासनीस आले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही सारी कागदी घोड्यांची शर्यत आहे असे पुष्कळांना वाटते ते यामुळेच.

आमचे मत थोडे निराळे आहे. हे सहा रकाने प्रामाणिकपणे भरले तर त्यांच्याइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. ते भीतीने किंवा चलाखीने भरले तर मात्र त्यांच्यामुळे माणसाचे आणि कामाचे, दोघांचेही नुकसान होते. हा फरक कोठे पडतो याचा विचार आम्हांला करावा लागला तो एका परिचारिकेमुळे. तिच्या अनुमतीने आणि तिची ओळख झाकून ती हकिकत येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका शहरात आमची नेमणूक होती. तेथील एका इस्पितळात ही भगिनी वीस वर्षे सेवा करीत आली होती. एका रात्रपाळीत इंजेक्शनची भुकटी विरघळविण्यासाठी तिने शुद्ध पाण्याची ॲम्प्युल घ्यावयास हात पुढे केला आणि हातात आली ती पोटॅशियम क्लोराइडची. दोन्ही ॲम्प्युल सारख्याच आकाराच्या, दोन्हींतील द्रव पाण्यासारखा नितळ, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारीशेजारी ठेवलेल्या. तीव्र स्वरूपातील हे औषध एकदम शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. औषध भरण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचण्याची तिची जुनी सवय होती. तिने नाव वाचले, थांबली, ती ॲम्प्युल परत ठेवली. रुग्णाला काहीही झाले नाही. कोणी पाहिलेही नव्हते. तरी सकाळी पाळी बदलताना तिने आपणहून हा प्रकार सांगितला, जेणेकरून दुसऱ्या कोणाच्या हातून तो घडू नये.

चार दिवसांनी तिच्यापुढे सहा रकान्यांचा कागद आला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘परिचारिकेचा निष्काळजीपणा.’ उपायाच्या रकान्यात : ‘समज देण्यात आली. यापुढे दक्षता घेतील.’ जबाबदार व्यक्ती म्हणून तिचे नाव. मुदत : ‘तात्काळ.’ आढाव्याचा रकाना कोराच होता. खाली तिची सही हवी होती.

‘फादर, सही करू का?’ असे विचारावयास ती आली. आम्ही तिला एवढेच विचारले, ‘बाई, त्या दोन ॲम्प्युल सध्या कोठे आहेत?’

ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तिथेच आहेत, फादर. त्याच ट्रेमध्ये.’

त्या कागदाचे सारे वैगुण्य या एका उत्तरात आले. कागद पूर्ण भरला होता, आणि जे बदलावयास हवे होते ते तसूभरही बदलले नव्हते. पुढच्या रात्री दुसरी परिचारिका त्याच ट्रेकडे हात नेणार होती, आणि तिला नाव मोठ्याने वाचण्याची सवय असेलच असे नाही. बरे, जिने नाव वाचले आणि आपणहून सांगितले तिला निष्काळजी म्हणणे हे सत्यालाही धरून नव्हते. आम्ही तिला सांगितले की, हात चुकीच्या ॲम्प्युलकडे गेला हे खरे आहे, तेवढे मान्य करावे. जे खरे नाही त्यावर सही करू नये. आणि जे करावयास हवे ते स्वतःच्या अक्षरात खाली लिहावे. तिने तीन ओळी लिहिल्या. पोटॅशियमच्या ॲम्प्युल वेगळ्या, कुलूपबंद कपाटात इन्चार्ज सिस्टरच्या ताब्यात ठेवाव्यात. त्यांच्या खोक्यावर लाल पट्टी लावावी. दर सोमवारी मी स्वतः ट्रे तपासून वहीत नोंद करीन. खाली सही, खाली तारीख.

मेट्रनबाई अनुभवी होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ॲम्प्युल हलवल्या. मूळचा मेमो मात्र तिच्या फाइलीतून निघाला नाही. आणि तिने नंतर आम्हांला सांगितलेली गोष्ट याहून क्लेशदायक होती : त्यानंतर त्या वॉर्डात आपली चूक आपणहून सांगावयास कोणी पुढे आले नाही. चुका थांबल्या असतील यावर तिचा विश्वास नव्हता. थांबले होते ते सांगणे.

एक बारीकसा फरक आम्हांला येथे दिसला. आराखड्यात माणसाचे नाव यावयास हवेच. प्रश्न आहे तो कोणत्या रकान्यात यावे हा. ते ‘कारण’ या रकान्यात लिहिले की शोध तेथेच थांबतो, कारण गुन्हेगार सापडला की पुढे शोधण्याजोगे काही उरत नाही. तेच नाव ‘कोण करणार’ या रकान्यात, त्या माणसाच्या संमतीने आणि तारखेसह लिहिले की काम सुरू होते.

हा विचार आमच्या पदरचा नाही. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ साली बेल टेलिफोनच्या उद्योगात काम करताना एक साधा आलेख आखून दाखविला. उत्पादनात होणारा कोणता चढउतार त्या कार्यपद्धतीच्या पोटातच आहे आणि कोणता काही विशेष कारणाने घडला, हे त्या आलेखावरून ओळखता येते. पहिल्या प्रकारच्या चढउताराबद्दल कामगाराला रागे भरणे म्हणजे पाऊस पडल्याबद्दल छत्रीला दोष देण्यासारखे होय. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात आपल्या देशातही येऊन गेले. त्यांचेच विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देण्यास गेले. युद्धात होरपळलेल्या त्या देशातील अभियंत्यांनी व व्यवस्थापकांनी ते इतके मनावर घेतले की १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. योजना करा, ती लहान प्रमाणात अमलात आणा, काय घडले ते तपासा, त्यावरून पुढचे पाऊल ठरवा आणि पुन्हा योजनेकडे या, असे हे चक्र आहे. ते थांबत नाही म्हणूनच त्याला ‘सातत्याने’ हे विशेषण लागले.

डेमिंग यांनी आपल्या अनुभवावरून एक अंदाज लिहून ठेवला आहे : शंभरापैकी सुमारे ९४ अडचणी कार्यपद्धतीतून उद्भवतात आणि ती सुधारण्याचे उत्तरदायित्व वरिष्ठांवर असते. कामाच्या ठिकाणाहून भीती हद्दपार करा, भिंतीवरच्या घोषणा काढून टाका, असेही त्यांनी आग्रहाने सांगितले. हा आग्रह दयाबुद्धीपोटी होता असे कोणी समजू नये. त्यामागे एका संख्याशास्त्रज्ञाचा हिशेब होता. घाबरलेला माणूस खरे आकडे देत नाही, आणि खोट्या आकड्यांवरून कोणतीही सुधारणा होत नाही.

आपल्या देशातही हे वारे आले. हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात १९८० साली गुणवत्ता मंडळे सुरू झाली. एकाच ठिकाणी काम करणारी काही माणसे ठरावीक वेळी एकत्र बसून आपल्याच कामातील एक अडचण निवडतात व तिचा छडा लावतात, अशी त्यांची साधी रचना असते. १९८२ मध्ये अशा मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ज्या महिंद्र कंपनीचे ट्रॅक्टर आपल्या नागपुरातही तयार होतात, तिच्या शेती अवजार विभागाला २००३ साली जपानचे ते डेमिंग पारितोषिक मिळाले. तेव्हा या गोष्टी फक्त परदेशातच जमतात असे म्हणण्यास जागा नाही.

किंबहुना त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. आमचे वास्तव्य असलेले बोरगाव मेघे वर्धा शहराला लागूनच आहे. शहरात मगनवाडी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेत त्याचे काम सुरू झाले. त्या कामाची धुरा वाहिली ती जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनी. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेला हा गृहस्थ पेशाने हिशेबतपासनीस. लंडनमध्ये त्याचे शिक्षण झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास केलेला. मुंबईतील चांगला चाललेला व्यवसाय मागे टाकून तो वर्ध्याच्या उन्हात तेलघाणा, हातकागद, मधमाश्या आणि चुली यांच्यामागे लागला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. तेव्हा गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असे त्यांनी महादेवभाई देसाईंना रोखठोक सांगितले. नियम लहानांना जसा तसाच थोरांना, हा त्यांचा बाणा होता. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, असा विचार मगनवाडीवरून जाताना आमच्या मनात पुष्कळदा येतो.

मगनवाडीतील पद्धत नीट पाहिली तर त्या सहा रकान्यांची आठवण होते. झवेरभाई पटेल यांनी तेलघाण्याच्या सुधारणेला वाहून घेतले. जुना घाणा मोडीत काढून गिरणी बसवा, असे सांगणे सोपे होते. त्याऐवजी बैलाला ताण का पडतो, तेल कमी का निघते, लाकूड लवकर का झिजते, असे एकेक कारण शोधत घाणा थोडा थोडा बदलत नेला. ‘वर्धा घाणी’ या नावाने हा सुधारित घाणा पुढे इतरत्रही गेला. रॉकेलऐवजी गावातल्या वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथेच घडला. अशा वस्तू लोकांनी पाहाव्यात म्हणून ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले.

उद्दिष्ट कसे लिहावे याचा धडा त्याआधीच १९२९ साली चरखा संघाने घालून दिला होता. सुधारित चरख्यासाठी संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. ‘चांगला चरखा करावा’ एवढेच म्हणून संघ थांबला नाही. चरखा झोपडीत वापरता यावा. बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालविता यावा. तेवढ्या वेळात ठरवून दिलेल्या लांबीचे सूत निघावे. किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. आणि तो २० वर्षे टिकावा. या अटी वाचल्या की पसंत-नापसंतीचा वाद उरत नाही. चरखा आणावा, बाईला बसवावे आणि मोजावे. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. म्हणून प्रयत्न वाया गेले काय? येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी केलेल्या खटाटोपातून पेटीत मावणारा चरखा पुढे आला. कालांतराने एकंबरनाथांचा अंबर चरखा आला. मोठी उडी साधली नाही तरी लहान पावले पडतच राहिली. आमच्या मते सातत्याने सुधारणा म्हणतात ती हीच.

याच परिसरात एक कडू अनुभवही नोंदला गेला आहे, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९३५ च्या सुमारास मगनवाडीतील मंडळी शेजारच्या सिंदी गावी रोज सकाळी सफाईला जात. मीराबेन तेथे राहावयास गेल्या होत्या. महादेवभाईंसारखा विद्वान माणूस तेथील मैला स्वतः उचलीत असे. महादेवभाईंचे पुत्र नारायणभाई यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, गावकरी तेथेच शौचाला बसत आणि घाण कोणत्या बाजूला अधिक आहे ते या सफाई करणाऱ्यांनाच दाखवीत. सेवा करणाऱ्यांचा भाव उदात्त होता यात शंका नाही. तथापि, ज्यांचे गाव होते त्यांचे नाव ‘कोण करणार’ या रकान्यात आलेच नव्हते. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेली सुधारणा किती का पवित्र असेना, ती दुसऱ्याचीच राहते. तपासणीच्या आदल्या रात्री वरिष्ठांनी एकट्याने बसून लिहिलेल्या आराखड्यांची गत हीच होते.

ज्याचे काम त्यालाच विचारावे, याचा प्रत्यय आम्हांला मुलांच्या एका वसतिगृहात आला. रात्रीच्या जेवणात मुले भाकरी टाकून देत. उरलेल्या अन्नाची बादली रोज काठोकाठ भरे. रागे भरणे, उपाशी लेकरांची आठवण करून देणे, ताटात टाकणाऱ्याला अंगण झाडावयास लावणे, हे सारे उपाय होऊन गेले होते. व्यवस्था आमच्याकडे आली तेव्हा आम्ही स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, ‘फादर, सहाच्या गाडीनं मले घरी जा लागते. भाकरी चारलेच भाजून ठेवा लागते. आठ वाजेपर्यंत तिचं चामडं होते. पोट्टे काहून खातीन?’

एवढे साधे कारण होते, आणि कोणत्याही ताटावर किंवा कोणत्याही मुलाच्या कपाळावर ते लिहिलेले नव्हते. ते वेळापत्रकात दडले होते. आम्ही कागद घेतला. त्रुटी : भाकरी वाया जाते. कारण : भाजणे आणि जेवण यांत चार तासांचे अंतर. उपाय : जेवण सहा वाजता, अभ्यास त्यानंतर, झोपण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे व गूळ. कोण करणार : घंटेची जबाबदारी आमची, शेंगदाण्यांची मावशींची, आणि बादलीवर खडूने रोजची खूण करण्याची दहावीतल्या एका मुलाची. मुदत : येत्या सोमवारपासून. आढावा : महिन्याने, सर्वांसमक्ष. महिन्याने पाहिले तो बादलीवरच्या खुणा तळाशी गेल्या होत्या. मात्र गुरुवारची खूण पुन्हा वर चढलेली. गुरुवारी दोडक्याची भाजी असे. दोडक्यापुढे आमच्या आराखड्याने हात टेकले आणि महिनाभराने गुरुवारची भाजी बदलली. दुसऱ्या आढाव्याविना हे उमगले नसते, हे येथे ध्यानात घ्यावे.

शेवटच्या रकान्याचे मोल आम्हांला यामुळेच अधिक वाटते. आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून दरवर्षी ‘टंचाई कृती आराखडा’ तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. विहिरींचे अधिग्रहण, हातपंपांची दुरुस्ती, टँकर, अशी त्यात तजवीज असते. तहानलेल्याला आज पाणी हवे असते आणि ते पोचविणारा कागद निरुपयोगी म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. परंतु तेच गाव, तोच महिना आणि तोच टँकर वर्षानुवर्षे यादीत येत राहिला, तर तो आराखडा मदतीचा झाला, सुधारणेचा झाला नाही. कालची यादी आजच्या यादीशेजारी ठेवून पाहणे, यादी आखूड झाली की नाही ते मोजणे, हा आढावा. आपल्या शाळेच्या, कचेरीच्या, वॉर्डाच्या कागदालाही हीच कसोटी लावावी.

शासकीय इस्पितळांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१५ साली सुरू केलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत एक गोष्ट आम्हांला विशेष भावते. स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, संसर्गाला आळा यांसाठी तेथे गुण दिले जातात. पुरस्काराला पात्र होण्यास किमान ७० टक्के लागतात. पण पहिले मूल्यमापन त्या इस्पितळाने स्वतःचे स्वतः करावयाचे असते. त्यानंतर दुसऱ्या इस्पितळातील सहकारी येऊन पाहतात, आणि बाहेरचे परीक्षक शेवटी. आधी आपण, मग शेजारी, मग परका, हा क्रम शहाणपणाचा आहे. मात्र गुणांच्या मागे धावताना झाडूवाल्या मावशींना ‘तुमच्याकडे किती फडकी आहेत, पाणी किती लांबून आणावे लागते?’ हे विचारावयाचे राहून गेले, तर फरशी परीक्षकांच्या दिवसापुरतीच चकाकेल.

स्वतःचे मूल्यमापन स्वतः करणे आम्हां सेमिनरीत वाढलेल्यांना तरी नवे नाही. संत इग्नाशिअस लोयोला यांच्या साधनेच्या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात विशेष आत्मपरीक्षणाची रीत सांगितली आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखावयाच्या. सकाळी उठताच एकच दोष निवडून तो टाळण्याचा निश्चय करावयाचा. दुपारी आणि रात्री, तासामागून तास आठवून, जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके ओळीवर द्यावयाचे. मग दुपारच्या ओळीशी रात्रीची, कालच्या दिवसाशी आजचा, मागल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहावयाचा. आमच्या विद्यार्थिदशेत अशी चिमुकली वही प्रत्येकाच्या खिशात असे. शूहार्टचा आलेख पुढे वाचनात आला तेव्हा तो आम्हांला मुळीच परका वाटला नाही.

त्या वहीतील तीन गोष्टी कामाच्या ठिकाणी जशाच्या तशा उपयोगी पडतात. एका वेळी एकच त्रुटी घ्यावी. वीस घेतल्या की विसाव्या दिवशी एकही आठवत नाही. मोजता येईल अशी खूण ठेवावी. आणि तुलना शेजाऱ्याशी न करता आपल्याच कालच्या दिवसाशी करावी.

चौथी गोष्ट मात्र जपून घ्यावयाची आहे. त्या वहीत दोषापुढे माणूस स्वतःचे नाव स्वतः लिहितो. पापकबुलीच्या वेळीही तसेच असते. ‘माझा अपराध’ हे शब्द ज्याचे त्यानेच उच्चारावयाचे असतात, दुसऱ्याचे पाप तेथे सांगता येत नाही. कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने हाताखालच्या माणसाचे नाव दोषापुढे लिहून त्याच्याकडून सही घेणे हा सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. तो आत्मपरीक्षणाचा आव आणतो आणि आत्मपरीक्षणाची वाटच बंद करतो. जाणूनबुजून कसूर करणारी माणसे नसतात असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यासाठी शिस्तीचे नियम आहेत आणि ते चालवावेत. पण शिस्तीचा कागद वेगळा ठेवावा, सुधारणेचा वेगळा. दोन्ही एकाच कागदावर आले की माणसे दोन्हींना चुकवू लागतात.

तेव्हा आमच्या कुटुंबांतील जे कोणी उद्या असा कागद भरावयास बसतील त्यांना आमची विनंती आहे. कारणाच्या रकान्यात माणसाचे नाव आलेच, तर तेथे न थांबता ‘असे का झाले?’ हा प्रश्न आणखी एकदा, मग पुन्हा एकदा विचारावा. हात चुकीच्या ॲम्प्युलकडे का गेला? ट्रे एकच होता म्हणून. ट्रे एकच का? पुरवठा तसा येतो आणि वेगळे कपाट नाही म्हणून. असे दोन-चार पायऱ्या उतरले की ज्याला हात घालता येईल अशी वस्तू लागते. उपायाच्या रकान्यात ‘दक्षता घ्यावी’, ‘सूचना देण्यात आल्या’, ‘लक्ष ठेवावे’ असे शब्द आले तर ते खोडावेत. उद्या सकाळी डोळ्यांना वेगळे काय दिसेल ते लिहावे. ज्याचे नाव जबाबदारीपुढे लिहावयाचे त्याला आधी विचारावे, आणि त्या कामाला लागणारा वेळ, पैसा व अधिकारही त्याला द्यावा; नुसते नाव देणे म्हणजे ओझे देणे. तारीख पंचांगात सापडेल अशी असावी; ‘तात्काळ’ नावाची तारीख कोणत्याही पंचांगात नाही. आणि आढाव्याच्या दिवशी उपाय फसला असे दिसले तर ते न रागावता तसेच लिहावे. फसलेला उपाय प्रामाणिकपणे नोंदला की पुढच्या योजनेची ती पहिली ओळ होते.

जे वरिष्ठपदावर आहेत त्यांना एवढेच अधिक सांगावेसे वाटते : आपल्या हाताखालचा माणूस आपली चूक आपणहून सांगावयास येतो, तेव्हा तो आपल्याला काहीतरी मौल्यवान देत असतो. पहिले वाक्य कोणते बोलावे याचा तेव्हा विचार करावा. ‘बरे झाले सांगितलेत’ या तीन शब्दांना कसलाही खर्च येत नाही. ते न बोलल्याचा खर्च मात्र पुढे एखाद्या रुग्णाला, एखाद्या विद्यार्थ्याला किंवा यंत्रावर हात असलेल्या एखाद्या कामगाराला सोसावा लागतो.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मळ्याचा धनी तीन वर्षे वाट पाहून कंटाळला आहे. दोष झाडाचा, उपाय कुऱ्हाड, असा त्याचा आराखडा तयार आहे. माळी मात्र जमिनीकडे पाहतो. भोवताली खणावे लागेल, खत घालावे लागेल, ते मी करतो, एक वर्ष द्या, मग फळ आले का ते पाहू, असे तो विनवतो. उपाय, करणारा, मुदत आणि आढावा, सारे त्याच्या बोलण्यात आहे, आणि नाव त्याने स्वतःचेच पुढे केले आहे. पुढच्या वर्षी झाडाला फळ आले की नाही, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. तो रकाना तेथे मोकळाच आहे.